‘क्षणिक’ राग, ‘धावती’ भेट, ‘हंगामी’ कायम

नोकरीच्या पहिल्या वर्षातील गोष्ट. केंद्रातील एका मंत्र्यांच्या मुंबई दौऱ्याची, इंग्रजी वृत्तसंस्थेकडून आलेली बातमी मराठीत करावयाची होती. ‘ब्रीफ व्हिजिट’ या शब्दांपाशी अडखळलो आणि ‘मंत्रिमहोदयांनी मुंबईला संक्षिप्त भेट दिली’ असे लिहून मोकळा झालो. ज्येष्ठ उपसंपादकांनी प्रिंटवरील ‘संक्षिप्त’ या शब्दावर तांबडी रेघ मारली, वर ‘धावती’ एवढेच लिहिले आणि कागद परत केला. कारण विचारले तेव्हा म्हणाले, ‘‘अहो, वृत्त संक्षिप्त असतं. भेट कशी संक्षिप्त होईल?’’

त्यानंतर हा चाळाच लागला. थोडा काळ टिकणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत विशेषणांची मुळीच वाण नाही. क्षणिक, क्षणभंगुर, ओझरता, धावता, निसटता, तात्पुरता, हंगामी, अस्थायी, अल्पकालीन, अल्पजीवी, औटघटकेचा अशी यादी सहज वाढवता येते. कोशात पाहिले तर या सर्वांचे अर्थ एकमेकांच्या अगदी शेजारी बसतात. व्यवहारात मात्र प्रत्येक विशेषणाची सोबत ठरलेली आहे. राग क्षणिक असतो, स्पर्श ओझरता असतो, विजय निसटता असतो, मलमपट्टी तात्पुरती असते आणि सरकार अल्पजीवी ठरते. या जोड्यांची अदलाबदल केली की वाक्य व्याकरणात बसते, पण कानाला खटकते. केवळ कानाचा प्रश्न असता तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. गोष्ट किती वेळ टिकली हे ही विशेषणे सांगतात, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ती किती वेळ टिकावयास हवी होती आणि तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हेही ती गुपचूप सांगून जातात. बातमीत, न्यायालयात आणि नोकरीच्या नेमणूकपत्रात त्याची किंमत मोजावी लागते.

चार मिनिटांचा क्षण

‘क्षणिक’च्या पोटात ‘क्षण’ आहे हे उघडच आहे. हा क्षण केवढा, याचे उत्तर मात्र प्राचीन ग्रंथांत एक नाही. अमरकोशातील कालमापनाप्रमाणे १२ क्षणांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांची एक अहोरात्र होते. मुहूर्त ४८ मिनिटांचा. म्हणजे अमरकोशाचा क्षण चक्क ४ मिनिटांचा झाला. फलाटावर चार मिनिटे लोकलची वाट पाहणारा मुंबईकर त्याला क्षण म्हणावयास तयार होणार नाही. उलट वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’तील कोष्टक सोडवले, तर क्षण सेकंदाच्या सुमारे ७५व्या भागाइतका सूक्ष्म निघतो.

हा फरक निष्कारण नाही. अस्तित्वात असलेली प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नाहीशी होते आणि तिच्या जागी तिच्यासारखीच दुसरी उत्पन्न होते, असा बौद्ध तत्त्वज्ञांचा क्षणभंगवाद होता. ११व्या शतकातील रत्नकीर्तीचा ‘क्षणभंगसिद्धि’ हा ग्रंथ याच सिद्धांताच्या मंडनार्थ लिहिलेला आहे. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त त्या सिद्धांताचे खंडन केले. या वादात ‘क्षणिक’ हे दूषण नव्हते. घट क्षणिक होता, पर्वतही क्षणिक होता. वस्तूचे ते केवळ वर्णन होते.

आजच्या मराठीत घटाला कोणी क्षणिक म्हणत नाही. हे विशेषण आता मनाच्या व्यापारांपुरते उरले आहे. सुख, आनंद, मोह, लोभ, राग, आवेग, उत्साह, समाधान, वैराग्य हे त्याचे नेहमीचे सोबती. मनाबाहेरच्या गोष्टींत फार तर प्रसिद्धी आणि यश यांना ते लागते, तेही उपहासाने. पाऊस क्षणिक नसतो, सभा क्षणिक नसते, भेटही नसते. आणि ज्या सोबत्यांना ते लागते, त्यांच्याविषयी ते मत देते. ‘क्षणिक सुखासाठी’ अशी वाक्याची सुरुवात झाली, की पुढे कोणाचे तरी आयुष्य उद्ध्वस्त होणार हे वाचकाला कळून चुकते. ‘क्षणिक समाधान’ म्हटले की ते समाधान फसवे ठरते. हीच गोष्ट ‘क्षणभर’ या क्रियाविशेषणाने सांगितली तर तिच्यातील सारा बोल निघून जातो. ‘त्यांना क्षणभर आनंद झाला’ यात कोणाचा अधिक्षेप नाही. ‘त्यांचा आनंद क्षणिक होता’ यात मात्र सांगणारा थोडा उंचावर उभा आहे.

‘क्षणभंगुर’ला एवढ्यातेवढ्या गोष्टी चालत नाहीत. जीवन, देह, वैभव, सौंदर्य, सत्ता अशा भारदस्त नामांशीच त्याचे जमते. कीर्तन-प्रवचनांतून हा शब्द घरोघर गेला आणि तेथील विरक्तीचा सूर त्याने सोडला नाही. देह क्षणभंगुर असू शकतो, तिकिटाच्या रांगेत झालेले भांडण नाही. त्याच वर्गातले, पण अधिक घरगुती असे ‘अळवावरचे पाणी’. संस्कृतात जे काम कमळाच्या पानाने केले, ते मराठीत परसातल्या अळूच्या पानाने केले. पैसा, मैत्री, मर्जी अशा घरंगळून जाणाऱ्या गोष्टींना ते लागते. क्षणभंगुर गोष्ट फुटते आणि अळवावरच्या पाण्यासारखी गोष्ट निसटते, असा हा बारीक भेद आहे.

राग किती क्षणांचा?

गुन्हेवृत्तात ‘क्षणिक’चा सर्वांत नेहमीचा सोबती म्हणजे राग. ‘क्षणिक रागाच्या भरात पत्नीचा खून’ अशा धाटणीचे मथळे वाचकांच्या परिचयाचे आहेत. लिहिणाऱ्याला ते केवळ वळण वाटते. वस्तुत: खटला उभा राहण्याआधीच आरोपीच्या बचावातील महत्त्वाचा मुद्दा मथळ्यात मांडून झालेला असतो.

कायद्यात हा मुद्दा जन्मठेप की त्याहून कमी शिक्षा, इतका निर्णायक ठरू शकतो. भारतीय दंडविधानाच्या कलम ३०० च्या पहिल्या अपवादानुसार, गंभीर आणि आकस्मिक चिथावणीमुळे आत्मसंयम गमावलेल्या माणसाच्या हातून मृत्यू घडला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकत असे. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम १०१ मध्येही हा अपवाद कायम आहे. चिथावणी गंभीर असून भागत नाही, ती आकस्मिकही असावी लागते. मग आकस्मिक म्हणजे किती वेळ?

या प्रश्नाचे गाजलेले उत्तर मुंबईतच घडलेल्या एका प्रकरणात मिळाले. नौदलातील कमांडर के. एम. नाणावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य न झाल्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले आणि तेथे नाणावटी खुनाबद्दल दोषी ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती शिक्षा कायम केली. त्या निकालात घड्याळाला मोठे महत्त्व आहे. पत्नीने संबंधांची कबुली दिल्यानंतर नाणावटी दुपारी दीडच्या सुमारास घराबाहेर पडले. पत्नी आणि मुलांना त्यांनी चित्रपटगृहावर सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले, काही कार्यालयीन काम उरकले आणि मग ते आहुजांच्या शोधात निघाले. गोळ्या सुटल्या तेव्हा ४ वाजून २० मिनिटे झाली होती. मन ताळ्यावर येण्यास एवढा अवधी पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणजे न्यायालयाला ‘क्षणिक’ हे विशेषण सिद्ध करून लागते. दीड वाजल्यापासून चार वाजून वीस मिनिटांपर्यंत माणसाने काय काय केले, याची उलटतपासणी होते. बातमीत मात्र पोलिस ठाण्यातून दूरध्वनीवर मिळालेल्या चार ओळींच्या आधारे हा राग क्षणिक ठरतो. घरात वर्षानुवर्षे मारहाण सोसणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर हा शब्द क्रूरच म्हणावा लागेल. तिच्या वाट्याला आलेला राग दररोजचा होता; क्षणिक होता तो केवळ वार्ताहराच्या टिपणवहीत. ‘क्षुल्लक कारणावरून’ हा शब्दप्रयोगही याच जातीचा. कारण क्षुल्लक होते हे ज्याने सांगितले, तो बहुधा आरोपीच असतो. मथळ्यात नुसता ‘खून’ लिहिला, किंवा आरोपीचे म्हणणे आरोपीच्या तोंडी घातले, तर जागाही वाचते.

धावती, ओझरती, निसटती

यानंतरचे शब्द इतके गंभीर नाहीत. धावणे, निसटणे, उडणे या क्रियापदांपासून तयार झालेली ही विशेषणे चपळ आहेत आणि त्यांची गंमत अशी, की नाम बदलले की त्यांचा अर्थही पालटतो.

‘धावती भेट’ थोडक्यात आटोपलेली असते. ‘धावता आढावा’ किंवा ‘धावता दृष्टिक्षेप’ वरवरचा असतो. पण ‘धावते समालोचन’ मात्र मुळीच थोडक्यात आटोपत नाही. कसोटी सामन्यात ते पाच दिवस चालते. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांचे आकाशवाणीवरील मराठी समालोचन कानाशी ट्रान्झिस्टर धरून ऐकलेल्या पिढीला हे सांगावयास नको. तेथे ‘धावते’ म्हणजे खेळाच्या बरोबरीने पळणारे. आणि ‘धावत्या लोकलमधून पडून’ या मुंबईच्या वृत्तपत्रांतील दु:खद शब्दसमूहात तर विशेषण अक्षरश: धावणारेच आहे. एकाच पानावर मंत्र्यांची धावती भेट आणि धावती लोकल शेजारी-शेजारी छापली जाते आणि कोणाही वाचकाचा गोंधळ होत नाही.

‘ओझरता’ला हलका संपर्क लागतो. ओझरता स्पर्श, ओझरता उल्लेख, ओझरते दर्शन, ओझरती नजर. गोळी किंवा दगड चाटून गेला तर जखमही ओझरती. या सर्वांत लागले न लागले असा भाव आहे. ‘धावती भेट’ ही ठरवून दिलेली असते, ‘ओझरती भेट’ बहुधा जाता-येता घडते. म्हणून मुख्यमंत्री पूरग्रस्त गावाला धावती भेट देतात. ओझरती भेट दिली असे लिहिले तर तो त्यांच्यावर आरोप होईल. कधीकधी तो करावासा वाटतो, ही गोष्ट वेगळी.

‘निसटता’ हे क्रीडापानाचे लाडके विशेषण. विजय निसटता, पराभव निसटता, आघाडी निसटती. येथे काळाचा संबंध जवळजवळ सुटला आहे. अंतर थोडे आहे एवढेच उरले आहे. तरीही ‘निसटता स्पर्श’ आणि ‘निसटता कटाक्ष’ यांत तो जुना, हातातून सुटून जाण्याचा अर्थ टिकून आहे. ‘उडती’ची सोबत त्याहून मर्यादित. उडती बातमी, उडती अफवा, उडता उल्लेख. त्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी क्षणात विरतात असे समजणे धाडसाचे होईल.

संक्षिप्त, त्रोटक, लघु

हे तिन्ही शब्द काळाचे नव्हेत, आकाराचे आहेत, आणि इंग्रजीतून अनुवाद करताना नेमकी येथेच चूक होते. ‘संक्षिप्त’ला शब्दांनी घडलेली वस्तू हवी. वृत्त, परिचय, आवृत्ती, चरित्र, इतिहास. ‘त्रोटक’लाही तीच लागते, परंतु तक्रारीसह. संक्षिप्त उत्तर हा गुण आहे, त्रोटक उत्तर हा दोष. (कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’ला संस्कृत साहित्यशास्त्रात ‘त्रोटक’ म्हणतात, तो नाट्यप्रकार अर्थातच निराळा.) ‘लघु’ हे विशेषण नामाला चिकटूनच वावरते. लघुकथा, लघुपट, लघुलेखन, लघुउद्योग, मुंबईचे लघुवाद न्यायालय. आणखी एक जोडशब्द शाळेत पहिल्या इयत्तेपासून ठाऊक असतो, तो येथे देत नाही.

तेरा दिवस, विशेषणे दोन

राजकारणात या शब्दांचा खरा कस लागतो, कारण तेथे तारखा नोंदलेल्या असतात. पं. नेहरूंच्या निधनानंतर २७ मे ते ९ जून १९६४ आणि लालबहादूर शास्त्रींच्या निधनानंतर ११ ते २४ जानेवारी १९६६ असे दोन वेळा गुलझारीलाल नंदा पंतप्रधान होते. दोन्ही वेळा सुमारे १३ दिवस. अटलबिहारी वाजपेयी यांचे पहिले सरकारही १६ मे १९९६ रोजी सत्तेवर येऊन १३ दिवसांचेच ठरले. मुदत सारखी, विशेषणे वेगळी. नंदा ‘हंगामी पंतप्रधान’ आणि वाजपेयींचे सरकार ‘अल्पजीवी’. नंदांकडून अधिक काळाची अपेक्षाच नव्हती. वाजपेयींनी पाच वर्षांसाठी शपथ घेतली होती. ‘अल्पजीवी’ आणि ‘अल्पायुषी’ या शब्दांत अकाली गेल्याची हळहळ असते, किंवा लिहिणारा विरोधी गोटातील असेल तर समाधान. ‘हंगामी’त यांपैकी काहीच नाही. महाराष्ट्रातही मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर बाळासाहेब (पी. के.) सावंत यांनी २५ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९६३ या काळात कारभार पाहिला. ते हंगामी मुख्यमंत्री. त्यांना अल्पजीवी म्हणणे अन्यायाचे होईल.

‘औटघटकेचे राज्य’ यात मात्र उघड उपहास आहे. औट म्हणजे साडेतीन. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी यांच्याबरोबर ज्यांनी औटकी घोकली आहे, त्यांना हे आठवेल. घटका २४ मिनिटांची; म्हणजे औट घटका ८४ मिनिटांच्या झाल्या. इतकी अल्प सत्ता अर्थातच कोणाला मिळालेली नाही. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी सकाळी राजभवनात झालेल्या शपथविधीतून आलेले देवेंद्र फडणवीस यांचे सरकार २६ नोव्हेंबरला, सुमारे ८० तासांत पायउतार झाले, तेव्हा हा शब्दप्रयोग पुन्हा बाहेर निघाला. औट घटका नव्हेत, पण औट दिवस जवळपास भरले होते.

आणखी एक गुंतागुंतीचे उदाहरण चौधरी चरणसिंगांचे. २८ जुलै १९७९ रोजी ते पंतप्रधान झाले आणि लोकसभेला सामोरे न जाताच २० ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे सरकार अल्पजीवी खरे. परंतु ‘काळजीवाहू’ पंतप्रधान म्हणून ते १४ जानेवारी १९८० पर्यंत पदावर होते. अल्पजीवी २३ दिवस आणि काळजीवाहू सुमारे पाच महिने!

‘तात्पुरते’ किती वर्षे?

वरील विशेषणांनी फार तर कोणाची प्रतिष्ठा उणावते. ‘तात्पुरता’ या शब्दाने मात्र लोकांचे पगार, घरे आणि निवृत्तिवेतन ठरते.

या शब्दाची सोबत पाहावी. सोय, निवारा, शेड, डागडुजी, मलमपट्टी, स्थगिती, दिलासा, नेमणूक. (कारण मात्र ‘तात्पुरते’ नसते, ‘तात्कालिक’ असते, हे १८५७ च्या उठावावरील प्रश्नाचे उत्तर लिहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.) या यादीत एक वचन दडले आहे: पुढे काहीतरी कायमचे येणार आहे. मलमपट्टी तात्पुरती, कारण शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. निवारा तात्पुरता, कारण घर मिळावयाचे आहे. हे पुढचे आलेच नाही, तरी विशेषण जागचे हलत नाही. मुंबईत मोडकळीस आलेल्या उपकरप्राप्त इमारतींतील रहिवाशांना संक्रमण शिबिरांत हलवले जाते. संक्रमण म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यातला अवधी. या अवधीत कित्येक कुटुंबांची मुले लहानाची मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, नातवंडे शाळेत गेली. पत्ता मात्र संक्रमण शिबिराचाच राहिला.

नोकरीतही तेच. ‘हंगामी’ हा शब्द हंगामावरून आला आणि साखर कारखान्यात तो अगदी शब्दश: खरा आहे. ऊसगाळप साधारणत: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होते आणि काही महिन्यांनी थांबते, कामगारांपैकी अनेकांना तेवढ्याच काळाचे काम असते. त्यांतूनच ‘हंगामी कायम’ हा वर्ग निर्माण झाला. बाहेरच्या माणसाला ही जोडी विनोदी वाटते. पण कारखान्याच्या गावात तिचा अर्थ पक्का आहे: दर हंगामाला कामावर बोलावणे येण्याचा हक्क आणि कारखाना बंद असताना ठरावीक भत्ता. नुसत्या ‘हंगामी’ माणसाला ही शाश्वती नाही. ‘कायम’ हा एक शब्द जोडला गेल्याने घरात काय फरक पडतो, हे तेथील किराणा दुकानदारही सांगू शकतो, कारण उधारी त्यावर ठरते.

जेथे हंगामच नाही, तेथेही माणसे हंगामी आणि तात्पुरती राहतात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याने हे ओळखले होते. कायम कामगारांचे लाभ नाकारण्याच्या हेतूने माणसांना बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून नेमून वर्षानुवर्षे तसेच ठेवणे, ही त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाची अनुचित प्रथा म्हणून नोंदली गेली. ‘तात्पुरते’ आणि ‘वर्षानुवर्षे’ हे दोन शब्द एका वाक्यात आणणारे हे कलम भाषेच्या दृष्टीनेही वाचण्याजोगे आहे.

सरकारी नोकरीत मात्र चित्र निराळे राहिले. १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, केवळ दीर्घकाळ तात्पुरते काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असा निर्णय दिला. रीतसर निवडीविना मागील दाराने होणाऱ्या नेमणुकांना पायबंद घालणे हा त्यामागील हेतू. पुढे अनेक कार्यालयांनी या निकालाची ढाल केली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातील सफाई आणि तत्सम कामे करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट करावे लागले, की काम नित्याचे आणि अखंड असेल, तर नेमणूकपत्रावरील ‘अर्धवेळ’ किंवा ‘तात्पुरता’ या शिक्क्याआड त्या माणसांचे शोषण करता येणार नाही. त्यांची सेवा नियमित करण्याचा आदेश झाला. म्हणजे येथे न्यायालयाने विशेषणाला बाजूला सारून नाम पाहिले.

राज्यघटनेतही या शब्दाने मोठा वाद घडवला आहे. घटनेचा २१वा भाग अस्थायी, संक्रमणकालीन आणि विशेष तरतुदींचा. जम्मू-काश्मीरविषयीचे ३७०वे कलम याच भागात, ‘अस्थायी’ या शीर्षकाखाली होते. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, काश्मीरची संविधान सभा विसर्जित झाल्यानंतरही हे कलम अमलात राहिल्याचे म्हटले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने ते निष्प्रभ केले. ११ डिसेंबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने, ती तरतूद अस्थायीच होती, असा निर्वाळा देऊन केंद्राचे पाऊल वैध ठरवले. निर्णयाविषयी मते असू शकतात. एका विशेषणाचा अर्थ ठरण्यास ७३ वर्षे लागली, याविषयी मतभेद नसावा.

अल्पशा आजाराने

राहिला ‘अल्प’. बहुतेक जोड्यांत तो संख्या किंवा प्रमाण दाखवतो: अल्पबचत, अल्पसंख्याक, अल्पभूधारक, अल्पोपहार, अल्प प्रतिसाद. काळाचा अर्थ त्याला मोजक्या ठिकाणी येतो आणि तेथे तो बहुधा मोजूनमापून वापरला जातो. पीककर्ज अल्प मुदतीचे. शेअर बाजारात नोंदणी झालेला समभाग १२ महिन्यांच्या आत विकला तर होणारा नफा अल्प मुदतीचा, आणि त्यावरील कराचा दर वेगळा. सभागृहातील अल्पकालीन चर्चेलाही नियमांचा आधार असतो. ती प्रत्यक्षात किती लांबते, हे पत्रकार कक्षात बसणाऱ्यांना विचारावे.

याला एक अपवाद आहे आणि तो रोज छापून येतो. ‘अल्पशा आजाराने निधन’. येथे ‘अल्पसा’ नाही चालत, ‘क्षणिक’ नाही चालत, ‘तात्पुरता’ तर नाहीच नाही. ‘अल्पशा’ हे सामान्यरूप इतके रुळले आहे, की मूळ रूप ‘अल्पसा आजार’ जिवंत माणसाच्या बाबतीत कोणी वापरत नाही. त्याची विरुद्ध जोडी ‘दीर्घ आजाराने’ किंवा ‘प्रदीर्घ आजाराने’. किती दिवसांपर्यंत अल्प आणि कोठून पुढे दीर्घ, याचा कोणताही नियम निधनवार्तेच्या टेबलावर नाही. घरचे लिहून आणतात ते घ्यावयाचे, असा प्रघात आहे.

काही वर्षांपूर्वी रात्रपाळीला असताना एक गृहस्थ वडिलांच्या निधनाचे टिपण घेऊन कार्यालयात आले. ‘अल्पशा आजाराने’ असे त्यांनी लिहिले होते. बोलता बोलता समजले, की वडील आठ महिने अंथरुणाला खिळून होते. ‘‘मग दीर्घ आजाराने असं करू का?’’ मी विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘नको साहेब. दीर्घ लिहिलंत तर भावकीतले विचारतील, आम्हाला का कळवलं नाही. त्यांना कोणालाच कळवायचं नाही, असं बाबांनीच सांगितलं होतं.’’

टिपण होते तसेच छापले.